पावट्याचा वाफा

त्या कोर्सला मी गेले ती रागाने. बेंगळूरला बेळ्ळंदूरच्या ऑफिसात माझं काम म्हणजे लोकांच्या मागे लागून त्यांच्याकडून कामं वेळेत पुरी करून घेणं. ते मी वर्षानुवर्षं करतेय आणि चांगलं करतेय. पण हाताखालच्या तिघांनी एकाच आठवड्यात माझ्या बोलण्याबद्दल वर तक्रार केली आणि साहेबांनी मला गोड आवाजात सुचवलं की पंधरा दिवस सुट्टी घ्या, कुठेतरी हिरवळीत जाऊन या. हिरवळीत जा म्हणे. मग मीही हट्टाला पेटले आणि शोधून शोधून अशी जागा काढली की जिथे बसायला हिरवळ नाही, खणायला माती आहे. कनकपुरा रस्त्याने शहराबाहेर दीड तास गेलं की एक शेत लागतं. तिथेच राहून चौदा दिवस पर्माकल्चर शिकायचं होतं. जमिनीचा उतार, पाणी, ऊन, झाडं, गुरं यांचं एकमेकांशी काय नातं आहे ते आधी बघायचं आणि मग शेत आखायचं, असं ते थोडक्यात शास्त्र आहे.

शेत अक्कांचं आणि शिकवायच्याही त्याच. साठीच्या पुढच्या, किडकिडीत, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात चप्पल नाही. घराणं मराठी, पण बेंगळूरला येऊन इतक्या पिढ्या झालेल्या की त्यांच्या मराठीत मध्येच 'बरं'ऐवजी 'सरी' यायचं, मध्येच 'जरा थांब'ऐवजी 'स्वल्प थांब' यायचं, आणि बैलाशी त्या निव्वळ कन्नडमध्ये बोलायच्या. मी निपाणीकडची, त्यामुळे मला सगळंच कळायचं. पहिल्या दिवशी मी मराठीत काहीतरी पुटपुटले, ते त्यांनी ऐकलं आणि तेव्हापासून त्या मला सरळ 'तू' म्हणू लागल्या. बाकी पंधरा जणांना 'तुम्ही'. हा मान होता की काय होतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला तो वाफा दाखवला. उताराच्या पायथ्याशी, दोन खाटांएवढा, भोवती काटक्यांचं कुंपण. त्यात पावट्याची रोपं नुकतीच वर आली होती. इथे त्याला अवरे म्हणतात आणि थंडीत त्याच्या शेंगांवर अख्खं बेंगळूर तुटून पडतं. पण हा पावटा बाजारातला नव्हता. अक्कांच्या आईने आयुष्यभर लावलेला, आणि आईला तिच्या सासूकडून मिळालेला. शेंगेची कड जांभळी, आणि सोलताना बोटांना जो तेलकट वास लागतो तो दोन दिवस जात नाही. अक्का म्हणाल्या, हा आता दुसऱ्या कुणाकडे नाही. ज्या दोन घरांत होता त्यांनी जमिनी विकल्या. आदल्या वर्षी बियाच्या डब्यात भुंगे झाले. त्यातून एकेक दाणा उजेडात धरून, धड होते तेवढे निवडून त्यांनी या वाफ्यात टोकले होते. सगळे. डब्यात मागे काही उरलेलं नव्हतं. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की आम्ही फोटो काढले आणि जेवायला गेलो.

अवघड दिवस आला तो नववा. त्या दिवशी आम्हाला समतल चर खणायचा होता. उतारावरून पळणारं पाणी अडवायला आडवा खड्डा खणतात, तो चर. त्याचा तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका पातळीत असावा लागतो. तसा असला तर पाणी त्यात तळ्यासारखं उभं राहतं आणि सावकाश जमिनीत मुरतं. पातळी काढायला आमच्याकडे बांबूची घोडी होती. दोन पाय, मध्ये आडवी काठी, आणि वरून सोडलेल्या दोरीला दगड. दोरी काठीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असं समजायचं.

अक्कांनी सकाळी दोनच गोष्टी बजावून सांगितल्या. एक, काठीवरची खूण मोजून करायची नाही. घोडी उभी करायची, दोरी कुठे येते ते बघायचं, मग पायांची अदलाबदल करून पुन्हा बघायचं, आणि त्या दोन जागांच्या मधोमध खूण करायची. दुसरी, घोडी उचलून पुढे ठेवायची नाही. एका पायावर फिरवायची, माणूस चालतो तशी, म्हणजे एकदा हा पाय पुढे, एकदा तो.

रेघ आखायचं काम माझ्याकडे आणि काकांकडे आलं. काका राजाजीनगरचे, बँकेतून निवृत्त झालेले, कन्नड बोलणारे, मला 'मॅडम' म्हणणारे. अतिशय सावकाश माणूस. चहासुद्धा असा प्यायचे की कप म्हणत असेल, आता पुरे. मला सकाळपासूनच घाई झाली होती. चौदा माणसं कुदळी घेऊन उभी आणि आम्ही दोघं दोरीकडे बघत बसलोय, हे मला सहन होईना. मी खिशातून टेप काढली, काठी मोजली आणि बरोबर मधोमध खूण केली. काका म्हणाले, "मॅडम, अक्कांनी उलटून बघायला सांगितलं होतं." मी म्हटलं, "काका, मी मोजलंय. टेप खोटं बोलते का?"

मग घोडी फिरवायची वेळ आली. काका वळसा घेताना तोल सावरत होते, त्यात वेळ जात होता. मी म्हटलं, राहू दे, तुम्ही नुसत्या खुंट्या ठोका. आणि मी घोडी उचलून पुढे, उचलून पुढे अशी नेत गेले. काका मागून एकदा म्हणाले, "स्वल्प फिरवून बघू या का?" मी वळलेसुद्धा नाही. "काका, दुपारपर्यंत चर झाला पाहिजे. असं चाललं तर पुढच्या कोर्सची माणसं येऊन खणतील." सगळे हसले. काकाही हसले. मला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करते.

बांबूचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जरासा लांब होता. अर्धं बोट असेल. घोडी फिरवत नेली असती तर एका पावलाची चूक दुसऱ्या पावलाने फेडली असती. मी तोच पाय दर वेळी पुढे ठेवत गेले, तेव्हा दर पावलाला अर्धं बोट, त्याच दिशेला. पंचवीस पावलं झाली. रेघेच्या शेवटी वीतभर उतार झाला होता आणि डोळ्यांना ती रेघ अगदी सरळ दिसत होती.

एक वाजेपर्यंत चर खणून झाला. खालच्या बाजूला निघालेल्या मातीचा बांध घातला. खाली वीस पावलांवर पावट्याचा वाफा. जेवून आलो आणि अक्का म्हणाल्या, आता पाण्यालाच विचारू बरोबर आहे का. वरच्या तळ्यातून मोटर लावून चरात पाणी सोडलं. मी अगदी ऐटीत चराच्या सुरुवातीला उभी होते, कमरेवर हात ठेवून.

पाणी उभं राहिलंच नाही. माझ्या पायाशी आलं आणि न थांबता पुढे गेलं. आधी कुणाला काही वाटलं नाही, पाणी पुढे जाणारच. पण ते सगळंच्या सगळं दुसऱ्या टोकाला जमा व्हायला लागलं. इकडे तळाची माती उघडी आणि तिकडे काठोकाठ. काका त्या टोकाला होते. त्यांनी हात वर केला आणि "मोटर, मोटर" म्हणत स्वतःच वर धावले. सत्तरीकडे आलेला माणूस, पण मोटरच्या दिशेने धावणारे ते एकटेच. मी जागची हलले नाही. ओला बांध एका जागी खचला, तिथे खिंडार पडलं आणि लाल पाणी माती घेऊन खाली गेलं. काटक्यांचं कुंपण आडवं झालं. मोटर बंद झाली तोवर वाफ्यावर गुळगुळीत चिखल पसरला होता आणि त्यात एकही पान दिसत नव्हतं.

मी अशा वेळी काय करते ते मला चांगलं माहीत आहे. मी दुसऱ्याकडे बघते. त्या दिवशीही माझ्या तोंडात वाक्य तयार होतं की बांध नीट चोपला नव्हता. बांध चोपणारी दोन माणसं समोरच उभी होती. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "रेघ कुणी काढली होती?" काका वरून धापा टाकत येत होते. ते म्हणाले, "आम्ही दोघांनी."

आम्ही दोघांनी. मला त्या माणसाने थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. माझ्या कानशिलांपासून मानेपर्यंत आग झाली. मी मोठ्याने म्हणाले, आधी कन्नडमध्ये आणि मग बाकीच्यांना कळावं म्हणून हिंदीत, की काकांचा यात संबंध नाही. काका दोनदा सांगत होते, मी ऐकलं नाही, वर त्यांना सगळ्यांसमोर हसले. खूण मी टेपने केली, घोडी मी उचलून नेली. आयुष्यात इतकी सरळ कबुली मी कधी दिलेली नाही. नवऱ्यालाही नाही. बोलताना माझा आवाज कापत होता आणि मला त्याचाही राग येत होता.

अक्का तोवर चिखलात गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या आईचं सगळं त्या चिखलाखाली होतं आणि ते माझ्यामुळे होतं. त्या ओरडतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर त्यांनी ओरडावं असंच वाटत होतं, म्हणजे मग मलाही काहीतरी उलट बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "सरी. आता हात धुऊन ये. साबण नको लावू. आणि येताना स्वयंपाकघरातले सगळे चमचे आण."

मग तीन तास आम्ही जे केलं ते मी विसरणार नाही. अक्कांनी वाफ्यावर फळ्या टाकायला लावल्या, म्हणजे कुणाचा पाय चिखलात पडणार नाही. फळ्यांवर पालथं पडून, चमच्याच्या पाठीने, एकेका रोपावरचा चिखल बाजूला करायचा. पान दिसलं की तांब्यातून पाण्याची बारीक धार, बोटावरून सोडलेली. पान मोडलं असेल पण मधला कोंब धड असेल, तर मुळाभोवतीच्या मातीसकट उचलायचं आणि नारळाच्या करवंटीत ठेवायचं. अक्का मुळीच घाई करत नव्हत्या. एका रोपापाशी त्या इतका वेळ थांबल्या की मला वाटलं, त्यांना भोवळ आली की काय. त्या मुळाला गुंडाळलेला गवताचा एक दोरा सोडवत होत्या. माझ्या शेजारच्या फळीवर काका होते. त्यांचा सावकाश हात त्या कामाला इतका बरोबर बसला की अक्कांनंतर सगळ्यात जास्त रोपं त्यांनीच काढली. माझ्या हातून पहिली दोन मोडली. अक्कांनी माझा चमचा काढून घेतला नाही. नुसतं म्हणाल्या, "श्वास सोड आणि मग हात लाव." तिसरं रोप अख्खं आलं.

साठाच्या वर रोपं होती. हाताला सव्वीस लागली. बाकीची पार चेंगरली होती, काही सापडलीच नाहीत. अक्कांनी चिखल आणखी एकदा बोटांनी चाळला आणि मग उठल्या. उठताना त्यांनी माझा खांदा धरला. प्रेमाने वगैरे नाही, गुडघे आखडले होते म्हणून.

मी खोलीवर जाऊन बॅग भरली. रात्रीच्या आत निघून जावं, असं ठरवलं होतं. टॅक्सीवाले तिकडे यायला तयार होईनात. तेवढ्यात संध्याकाळच्या वर्गाची घंटा झाली आणि मी निमूटपणे जाऊन मागे बसले.

अक्कांनी फळ्यावर शेताचा उतार काढला. वर चर काढला, खाली वाफा. म्हणाल्या, "हिची चूक किती? अर्ध्या बोटाची. ती तुम्ही सगळ्यांनी पाहिली. आता माझी बघा. माझ्या आईचं सगळं बी मी एका जागी लावलं. ते पण उताराच्या खाली. आणि त्याच्या वर सोळा शिकाऊ लोकांना कुदळी दिल्या. डब्यात एक दाणा मागे ठेवला नाही. मी तुम्हाला नऊ दिवस काय शिकवते आहे? एका जागी सगळं ठेवू नका. आणि स्वतः काय केलं? मोह झाला. सगळं डोळ्यांसमोर असावं असं वाटलं." हे बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा कापला नाही. माझ्या ऑफिसात इतक्या वर्षांत इतक्या मोठ्या माणसाने आपली चूक अशी फळ्यावर काढून दाखवलेली मी पाहिलेली नाही. मी स्वतः तर कधीच नाही.

मग त्या म्हणाल्या की दहा रोपं इथे राहतील आणि सोळा घरोघर जातील. आणि चौकशी सुरू झाली. अशी चौकशी की मुलगी द्यायची असावी. घर कुठे? माती आहे की कुंडी? ऊन कुठल्या बाजूचं, किती वाजेपर्यंत? दिवसा घरी कोण असतं? काकांच्या घरामागे राजाजीनगरला जमिनीचा पट्टा होता, पूर्वेचं ऊन होतं, आणि ते स्वतः दिवसभर घरी. त्यांना सहा मिळाली. आणखी तिघांना मिळून दहा. माझी पाळी आली. मी म्हटलं, मारतहळ्ळी, सहावा मजला, पश्चिमेची बाल्कनी, घरी यायला आठ होतात. अक्का म्हणाल्या, "मग तुला नाही. तिथे मरेल."

मला वाईट वाटलं. वाटायचा काही हक्क नव्हता, पण वाटलं. इतकं सगळं झाल्यावर एखादं रोप माझ्या हातात ठेवून त्या माझी समजूत काढतील, असं मनात कुठेतरी होतं. त्यांनी काढली नाही. त्यांच्यापुढे मी नव्हतेच, रोपं होती. हे मला उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा त्यांच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला. त्या पुढच्या माणसाकडे वळल्या, मग परत फिरून मला म्हणाल्या, "तुला लोकांच्या मागे लागता येतं ना? मग तू फोन कर. चारही घरांना, दर आठवड्याला. पाणी घातलं का, मावा पडला का, विचार. विसरले तर बोल त्यांना." सगळे हसले. या वेळी मीही हसले, आणि मग खोलीवर जाऊन भरलेली बॅग रिकामी केली.

मी फोन केले. दर रविवारी, सकाळी नऊला, एकही रविवार न चुकता. मारतहळ्ळीच्या बाल्कनीत उभी राहून मी बेंगळूरच्या चार टोकांच्या पावट्याची विचारपूस करायची. एका घरी कुत्र्याने उकरली. एकीने पाणी घालून घालून कुजवली, तिला मी बोलले आणि नंतर पुन्हा फोन करून माफी मागितली. काकांच्या वेलांवर काळा मावा पडला, तो त्यांनी रोज सकाळी राख चाळून, एकेका कोंबावर भुरभुरवून आटोक्यात आणला. नोव्हेंबरात रानडुकरं अक्कांच्या शेतात शिरली आणि त्यांची दहाच्या दहा रोपं मुळासकट गेली. हे मला त्यांनी सांगितलं नाही, मीच फोनवर विचारलं तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, "इथलं गेलं. काकांचा मावा गेला का ते सांग."

फेब्रुवारीत काकांच्या घरचं आणि आणखी एका घरचं बी वाळून तयार झालं. दोन्ही गोळा करून मी स्वतः गाडी घेऊन शेतावर गेले. वाटेत मनात एक मोठं वाक्य जुळवत होते की अक्का, माझ्या हातून गेलं होतं, ते आज परत आणलंय. अक्का पडवीत बसल्या होत्या. मी डबा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी झाकण काढून आधी वास घेतला आणि डोळे मिटले. मग दाणे सुपात ओतले आणि मला पाणीही न विचारता वाटे घालायला लागल्या. सहा वाटे केले. हा काकांचा, हा त्या दुसऱ्या घरचा, हा गावातल्या शाळेचा, हा धाकट्या बहिणीचा, हा इथे लावायला. सहावा वाटा त्यांनी फडक्याच्या तुकड्यात बांधला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

मी म्हटलं, "अक्का, माझ्याकडे ऊन नाही."

"लावायला कुठे सांगते? सांभाळायला देते. घर कोरडं आहे ना तुझं? राखेत घाल, बाटलीत भर, दर पंधरा दिवसांनी बघ. इथलं सगळं पुन्हा गेलं तर मी तुझ्याकडे मागायला येणार."

जुळवलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. मी ती पुरचुंडी दोन्ही हातांत धरून त्यांच्यासमोर रडले, चांगली हुंदके देऊन, आणि त्यांनी मला रडू दिलं. मग हात पुढे करून त्यांनी पुरचुंडी माझ्याकडून काढून घेतली.

"आधी डोळे पूस," त्या म्हणाल्या. "बियाला ओल लागेल."